घोरपडीच्या पाठीवरची पेटी

ढगांच्याही वर वसलेल्या त्या गावात घटसर्प शिरला होता. एक पोर दगावलं होतं, दुसऱ्याचा गळा सुजला होता. बाकीच्या पोरांना वाचवायचं तर लस हवी होती, आणि ती खालच्या दवाखान्यातून पाठीवर वाहूनच न्यावी लागणार होती. गावाला रस्ता नव्हता. एक पायवाट होती, तीही डोंगराच्या मर्जीवर.

मोहिमेत माणसं तीन. प्रमुख होत्या नर्सबाई. दवाखान्यात त्यांचा दरारा असा, की डॉक्टरसुद्धा पाय पुसून आत येत. दुसरे कंपाउंडर. चढ दिसला की त्यांना गुडघे आठवत. आणि तिसरा वाटाड्या घोरपड. त्याला खरं नाव होतं; पण कड्याला चिकटून चढण्याच्या कसबापायी ते आईखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो त्याच गावचा. त्याची धाकटी लेक आजारी घराच्या अगदी शेजारी राहत होती.

लसीच्या पेटीचा एक नियम असतो. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच आत भरायचे नाहीत. त्यांना घाम फुटू द्यायचा, आतलं पाणी खुळखुळू द्यायचं, मगच पेटीत. नाहीतर लस गोठते, आणि गोठलेली लस पुन्हा वितळली तरी पाण्याच्याच लायकीची राहते. ‘घाम फुटल्याशिवाय पेटीत नाही’ हे दवाखान्याच्या भिंतीवर बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. नव्या मुलींकडून त्या हे पाढ्यासारखं घोकून घेत.

पण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, ओढ्याला पाणी चढायची भीती होती, आणि दारात जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. आइसपॅक दगडासारखे टणक होते. “लांबचा पल्ला आहे, थंड असेल तेवढं बरं,” असं म्हणत बाईंनी पेटी धडाधड भरली आणि झाकण लावून टाकलं.

जीप जिथवर गेली तिथून जंगल सुरू झालं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, वेलींनी वाट गिळली होती, आणि पानापानावर जळवा जेवणाची वाट पाहत होत्या. घोरपड पेटी पाठीवर घेऊन पुढे, मध्ये बाई, मागे कंपाउंडर आणि त्यांची कुरकुर. एका दरडीखाली तिघं टेकले. कंपाउंडरांनी टोपीने तोंड पुसलं.

“सिस्टर, बघा, मला चांगला घाम फुटलाय. आता मला पेटीत ठेवायला हरकत नाही.”

बाई हसल्या नाहीत. आइसपॅकना घाम फुटू दिलाच नव्हता. नजर पेटीवर गेली, तिथेच खिळली. उघडून पाहावं, तर आतली थंडी जाणार. परत फिरावं, तर कारण सांगावं लागणार. ते कसं सांगायचं? कदाचित काही झालंही नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

“चला, उशीर होतोय,” त्या म्हणाल्या. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला, याचीच त्यांना लाज वाटली.

पुढे दरी आली. खाली ओढा फेसाळत होता आणि वर एकच ओंडका आडवा टाकलेला, शेवाळाने हिरवागार. कंपाउंडर त्यावरून बसून सरकत गेले, देवाला आणि गुडघ्यांना आळवत. बाई गेल्या. शेवटी घोरपड निघाला. तो पलीकडे पोचतच आला होता, एवढ्यात त्याचा पाय सटकला!

तो कोसळला. काठावरचं एक मूळ त्याच्या डाव्या हाताला लागलं. पेटीचा पट्टा पाठीवरून सुटून उजव्या मनगटात अडकला. पेटी हवेत लोंबू लागली. मूळ करकरलं!

“पेटी सोड!” कंपाउंडर ओरडले.

“नाही,” तो दात आवळून म्हणाला. “पोरांची आहे ती.”

बाईंनी तोंड उघडलं. एकच वाक्य पुरे होतं. अहो, आत बहुतेक नुसतं पाणी आहे, सोडा ती. एवढं ऐकलं असतं तर त्याने हात मोकळा केला असता.  पण ते न बोलताच बाईंनी पिशवीतला आकड्याचा दोर काढून खाली सोडला.

घोरपडीने दोराचा आकडा आधी पेटीच्या पट्ट्याला लावला. “ही ओढा.” पेटी वर आली. तेवढ्यात त्याचा देह हिसक्याने फिरला आणि डावा खांदा कड्कन वाजला! त्याने किंकाळी फोडली, पण उजव्या हाताने परत आलेला दोर पकडला. दोघांनी टाचा रोवून त्याला ओढलं. काठावर तो पालथा पडून राहिला. डावा हात नुसता लोंबत होता.

“पेटी बघा, बाई,” तो म्हणाला. “फुटली तर नाही ना?”

कंपाउंडरांनी त्याचा खांदा जागेवर बसवला. ते काम त्यांना उत्तम येत होतं, आणि तेवढा वेळ ते गुडघ्यांबद्दल काही बोलले नाहीत. बाईंनी हात गळ्यात बांधून दिला. 

गाव म्हणजे उतारावर चिकटलेली धुरकट लाकडी घरं. ढग दारातून आत येई आणि मागच्या फटीतून निघून जाई. कपडे कधी वाळत नसत, म्हणून माणसं ते अंगावरच वाळवत. चुलीवर मांडव करून सरपण सुकत ठेवलेलं असे. चूल विझली की ती पुन्हा पेटवणं हे दिवसभराचं काम. त्या धुरात वाढलेली पोरं आज तोंडं धुऊन, ओले केस विंचरून शाळेच्या खोलीपुढे रांगेत उभी होती. पहिलाच नंबर घोरपडीच्या लेकीचा.

बाईंनी पाठ फिरवून पेटी उघडली. एक बाटली हलवून उजेडात ठेवली. चांगली लस हलवल्यावर बराच वेळ दुधासारखी राहते. हिच्यात पांढरे कण भराभर खाली बसले आणि वर नितळ पाणी उरलं. दुसरी तशीच. सगळ्या तशाच.

हातातली बाटली त्यांनी पुन्हा हलवली. पुन्हा दूध! लगेच सुईत ओढली असती तर कुणालाही कळलं नसतं. मागे लेक बापाला विचारत होती, “दुखतं का हो?” बाप म्हणत होता, “मुंगी चावते तेवढं.”

बाईंनी बाटली खाली ठेवली.

“ही लस टोचता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “गोठून खराब झाली. बर्फ मी घाईत भरला. चूक माझी आहे.”

 घोरपडीची आई पुढे आली.

“म्हणजे माझ्या लेकाने पाण्यापायी खांदा निखळून घेतला?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आणि तो लोंबकळत होता तेव्हा मला शंका होती. मी बोलले नाही.”

म्हातारीने रांगेतल्या पोरांना घरी पिटाळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घोरपडीने धडक्या हाताने लेकीला उचललं आणि तो घरात निघून गेला. त्याने दार लावून घेतलं. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं बाईंना वाटलं. पण घशात पापुद्रा धरलेलं ते आजारी पोर घरात वाट बघत होतं, आणि लाज वाटते म्हणून काम थांबत नाही. त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. सोबत आणलेली औषधं त्याला आणि शेजारच्या घरांना सुरू केली.

“मी थांबतो इथे,” कंपाउंडर म्हणाले. “माझे गुडघे तो ओंडका इतक्यात पुन्हा बघणार नाहीत. औषधं वेळेवर देईन. तुम्ही लस आणा.”

पहाटे फटफटताच बाईंनी पेटी स्वतःच्या पाठीवर बांधली. पट्टे खांद्यात रुतले. गावाच्या वेशीवर गळ्यात हात अडकवून घोरपड उभा होता.

“तुम्ही नका येऊ. हा असा हात घेऊन...”

“वाट पायाने चालतात,” तो म्हणाला आणि पुढे निघाला.

 ओंडक्यापाशी तो थांबला, पण वळला नाही.

“घसरलात तर पेटी सोडा, बाई.”

“सोडीन.”

“आणि पुढच्या खेपेला ती माझ्या पाठीवर असेल, आणि आत काही बरं-वाईट असेल, तर आधी सांगा.”

“सांगेन,” बाई म्हणाल्या. मान वर करून तो शब्द उच्चारणं त्यांना जमलं नाही.

दवाखान्यात त्यांनी फ्रीजरमधले आइसपॅक टेबलावर ओळीने मांडले. भिंतीवरच्या नियमासमोरच्या स्टुलावर घोरपड बसला. बाहेर आभाळ पुन्हा काळवंडलं होतं. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मग आणखी एकदा, लांबलचक.

“वाजू दे,” बाई म्हणाल्या.

पॅकवरचा पांढरा बर्फाचा थर हळूहळू गेला. एक थेंब जमला, ओघळला, टेबलावर पडला. बाईंनी पॅक कानाशी नेऊन हलवला, आणि मग तो घोरपडीपुढे धरला.

त्याने तो धडक्या हातात घेतला, कानाशी लावला, डोळे मिटून हलवला.

“खुळखुळतंय,” तो म्हणाला.

मगच बाईंनी पेटी उघडली.