वाऱ्यानं नेलेलं बोलणं

हंसाची एसटी चुकली नसती, तर दोन हेल्मेटं घेऊन उभा असलेला तो माणूस तिला दिसलाच नसता. बोईसरच्या थांब्याशेजारी मोटारसायकल लावून तो एका हेल्मेटात तोंड घालून ‘हॅलो, हॅलो’ करत होता आणि दुसरं कानाला लावून स्वतःच ऐकत होता. हंसाला हसू आवरेना.

“पलीकडून कोण उचलत नाय काय?” तिनं विचारलं.

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला. हा कमलाकांत, सातपाटीचा. तिच्या शिरगावच्या शेजारचाच, आणि तिच्यासारखाच मच्छीमारांच्या घरातला. ऑफिसांसाठी इंटरकॉम बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपात तो कामाला होता. गाडीवरच्या दोघांना चालता चालता बोलता यावं, म्हणून त्यानं दोन हेल्मेटांत माईक आणि स्पीकर बसवून मधे वायर जोडली होती. जागेवर सगळं छान ऐकू यायचं. गाडी पळायला लागली की मात्र पुढच्याच्या माईकवर वारा आदळायचा, आणि मागच्याच्या कानात नुसतं घोंघों.

“तपासायला मागं कोणी बसत नाय,” तो म्हणाला. “म्हणतात, कान फुटतात.”

“माझे नाय फुटायचे. आमच्या घरात चार आत्या हायत.”

त्यानंतर हंसाची एसटी रोजच चुकायला लागली. गावाच्या अलीकडं, सुरूच्या झाडांपाशी ती उतरायची आणि साळसूदपणे चालत घरी जायची. कमलाकांतनं माईकला फोम लावून पाहिला, मोजा लावून पाहिला. पातळ लावलं तर वारा अडेना, जाड लावलं तर त्याचाच आवाज गुदमरे. हंसा त्याच्या पाठीच्या आडोशाला, म्हणून तिचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू जाई. आणि ती बोलायची भरपूर.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. वाटेतल्या उमरोळी गावापर्यंत गाडी सावकाश असायची आणि तो बॅटरीबद्दल बोलायचा. मोकळा रस्ता लागला की वेग वाढायचा, घोंघों सुरू व्हायचं… आणि आरशात त्याचे ओठ हलताना दिसायचे. बराच वेळ.

“काय बोलत होता?” ती उतरल्यावर विचारायची.

“टेस्टिंग… एक, दोन, तीन.”

“आकडे म्हणताना माणूस असा हसतो?”

तो वायर गुंडाळायला लागायचा.

मग रंभाआत्यानं डहाणूचं स्थळ आणलं. रविवारी माणसं बघायला येणार होती, आणि बाबा आत्याच्या शब्दाबाहेर नव्हते. त्याआधी सातपाटीहून मागणी आली नाही, तर सगळं संपलंच. हंसानं हे कमलाकांतला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “बरं…” त्या दिवशी त्याचे ओठ रोजच्यापेक्षा जास्त हलले, आणि तिला रडू आलं. एवढा शहाणा माणूस, आणि सगळं वाऱ्यालाच सांगतो.

सकाळी तोंडाला पावडर लावताना तिनं सहज पफवरची भुकटी फुंकरीनं उडवली. पफची लव नुसती थरथरली. पफमागच्या तळहाताला फुंकर लागलीच नाही. हंसानं कात्री घेतली.

शुक्रवारी तो चहाचे पैसे द्यायला टपरीवर गेला, तेवढ्यात तिनं त्याच्या माईकवरचं काळं कापड सोडवून आत पफचा तुकडा बसवला आणि कापड होतं तसं बांधलं. तो आल्यावर नेहमीसारखी मागं बसली.

उमरोळी मागं पडली. वेग वाढला. कानात फक्त एक हलकी सळसळ राहिली, आणि तिच्यातून त्याचा आवाज आला, अगदी जवळून.

“हंसा… त्या डहाणूवाल्याला हो म्हणू नको. तुज्यासमोर तोंड उघडलं की माजे आकडेच बाहेर पडतात. इथं वारा हाय म्हणून तर बोलतोय. आईला पाठवू तुज्या घरी? पण तू नाय म्हणालीस तर… मग मागं कोण बसणार?”

हंसाला आणखी ऐकावंसं वाटत होतं, पण राहवलं नाही.

“आईला उद्याच पाठवा,” ती म्हणाली. “रविवारी उशीर होईल.”

गाडी हेलकावली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. त्यानं हेल्मेट काढलं. केस चपटे, चेहरा घाबरलेला.

“तुला… तुमाला ऐकू आलं?”

“मगापासून ‘तू’ म्हणत होता. तेच चालू दे.”

त्यानं माईक हुंगला, पावडरचा वास आला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि हळूहळू त्याला सगळं उमगलं. तो हसायला लागला.

“आणि आदीचं? इतके दिवस बोललो ते?”

“त्यातलं एक अक्षर नाय कळलं,” हंसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “ते सगळं परत सांगा. पहिल्या दिवसापासून.”

त्यानं हेल्मेट चढवलं, किक मारली. “सावकाश चालवू काय?”

“नको,” हंसानं त्याच्या खांद्यावर पहिल्यांदाच हात ठेवला. “जोरात चालवा. जोरात असलात की तुमी खरं बोलता.”