लोकांनी सुचवलेली खोली

टेबलावरचा खोका महिना उलटला तरी रिकामाच होता. पुठ्ठ्याच्या तीन भिंती, खाली जमीन, मागच्या भिंतीत एक दार. चौथी बाजू उघडी, प्रेक्षकांची. आत नाटकातली खोली उभी करायची होती, खऱ्या सेटच्या पंचविसाव्या हिश्शाने. खोका करायला ताईंना एक दुपार पुरली होती. आत काय ठेवायचं, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

नाटकमंडळी त्यांना मिलीमीटरताई म्हणत. सुतार पाठीमागे म्हणे, दिग्दर्शक तोंडावर. केक कापायचा झाला तरी या आधी पट्टी मागतील, अशी त्यांची ख्याती. इतकी वर्षं सेट उभे केले, पण कधी हात अडला नव्हता. आता रोज सकाळी त्या दिवा लावत, कटरचं पातं बदलत, पुठ्ठा समोर ओढत आणि दुपारपर्यंत त्या पुठ्ठ्याकडे बघत बसत.

नाटक एकपात्री होतं. एक बाई एका खोलीत राहते आणि बाहेर पडत नाही, एवढीच गोष्ट. लेखकाने जागेबद्दल दोनच शब्द लिहिले होते: एक खोली. ती बाई करणार होती ताईंची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. तिघी एकाच घरात राहत. भाचीला घरात सगळे बबडी म्हणत, आणि तिला ते मुळीच आवडत नसे. तिची ही पहिली मोठी भूमिका. नेपथ्य मावशीचंच हवं, असा हट्ट तिने धरला होता. आता मावशीमुळेच नाटक रखडलं, तर दिग्दर्शक दुसरं नाटक हातात घेणार आणि पोरीची भूमिका जाणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. ताईंना ते न सांगता कळत होतं.

शेवटी दिग्दर्शकानेच तोडगा काढला. "ताई, तुमचं डोकं अडलंय ना? मग लोकांची डोकी वापरू."

खोका नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात ठेवायचा, शेजारी पाटी लावायची. पाटीवर मजकूर: खोली तुमची, नाटक आमचं. या खोलीत काय असावं? खाली ताईंचा फोन नंबर. लोकांनी बघायचं आणि आपल्याला काय सुचतं ते बोलून पाठवायचं. ताईंना हा प्रकार पोरखेळ वाटला. पण नाही म्हणायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मॉडेल लोकांसमोर ठेवायचं तर त्यात मापाचा माणूस उभा करायचा, ही या कामातली पहिली रीत. पुठ्ठ्यातून कापलेली बोटाएवढी आकृती. ती असली की दार केवढं, छत किती उंच, हे बघणाऱ्याला कळतं. ताईंनी तो ठेवला नाही. खोलीच ठरलेली नाही, तर माणूस उभा कुठे करायचा?

खोका नेताना सुताराच्या ते लक्षात आलं. "ताई, माणूस राहिला."

"नंतर ठेवू."

"बघा बुवा. भाडेकरू शिरला तर मला सांगू नका."

ताईंनी समोर पारदर्शक पत्रा बसवला, चारही कोपऱ्यांत स्क्रू आवळले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. कुणी उघडायचा प्रयत्न केलाच, तर ठिपका तडकेल आणि कळेल.

पहिल्या दिवशी बरीचशी थट्टाच आली. एकाने खोलीत हत्ती बांधायला सांगितलं. एका बाईंनी आपल्या नवऱ्याला कायमचा तिथे ठेवायची तयारी दाखवली. पण मधूनमधून कामाचंही येत होतं. खिडकी डाव्या भिंतीत घ्या. एक हात मोडलेली लाकडी खुर्ची. खिडकीला पडदा, पण अर्धाच. बोलणारे नाना तऱ्हेचे, म्हातारे, कॉलेजातले, कुणी घाईत, कुणी तोंडात काहीतरी चघळत. ताईंनी ऐकलं, पुठ्ठा ओढला आणि महिन्याभराने पहिल्यांदा पातं चाललं.

मग त्या थांबल्याच नाहीत. खुर्ची झाली, पडदा झाला, भिंतीतलं छोटं फडताळ झालं. रोज सकाळी नाट्यगृहात जाऊन त्या ठिपके तपासत, पत्रा काढत, नवी वस्तू ठेवत, पुन्हा स्क्रू आवळून नवे ठिपके देत. जेवताना गुणगुणू लागल्या. बहीण म्हणाली, ताईला पंख फुटलेत. भाची त्यांच्या गळ्यात पडली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून जाईना. कुणाचंच म्हणणं कुणाच्या आड येत नव्हतं. शंभर जणांना खोली मांडायला सांगितली, तर चार जण तरी खिडकी उजवीकडे मागतील. कुणी मागितली नाही. ताईंनी स्वतःची समजूत काढली, की लोक आधी ठेवलेलं बघतात आणि त्याला जुळेल असंच सांगतात. ते पटण्यासारखं होतं. फक्त पहिल्या दिवशी खोका रिकामा होता, आणि तेव्हाही खिडकी सगळ्यांना डावीकडेच हवी होती.

मग बोलण्यात ती आली.

फडताळ खाली घ्या, तिचा हात पोचत नाही. पडदा थोडा ओढा, संध्याकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येतं. ताईंनी याचंही कारण शोधलं. पोस्टरवर भाचीचा फोटो होता, नाटक बाईचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका दुपारी एका मुलीने सांगितलं, की तिचा पाय अवघडतो, पायाखाली स्टूल द्या. त्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तेच सांगितलं, आणि नंतर आणखी एका बाईंनी. नाटकातली बाई तर तरुण होती. तिच्या पायाला काही झाल्याचं लेखकाने कुठेही म्हटलेलं नव्हतं.

ताईंनी स्टूल केलं. खोलीत ठेवण्याआधी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळत ठेवलं होतं. बहीण मटार सोलत बसली होती. तिने मॉडेल एकदाही पाहिलं नव्हतं, तिला नाट्यगृहात जायचा कंटाळा. स्टुलाकडे तिने सहज नजर टाकली.

"खुर्चीला अगदी चिकटवून ठेव गं ताई. लांब ठेवलंस तर तिला उठावं लागेल."

"कुणाला?"

बहिणीने मान वर केली. "काय कुणाला?"

"तू आत्ता म्हणालीस ना, तिला उठावं लागेल."

"मी?" बहीण हसली आणि पुढची शेंग घेतली. "तुझ्या नाटकाने तुझं डोकं फिरवलंय."

ताईंनी फोन काढला. म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर होता. ते निवृत्त शिक्षक निघाले, फार अगत्याने बोलले. ताईंनी त्यांना विचारलं, की पाय अवघडतो म्हणालात, तो कुणाचा?

"खुर्चीतल्या बाईंचा. सुबक केलीत हो. पण पाठमोरी का बसवलीत? चेहरा दिसत नाही."

"मी खोलीत माणूस ठेवलेला नाही," ताई म्हणाल्या.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "असं कसं? माझ्या नातीनेही पाहिली." आणि त्यांनी फोन ठेवला.

ताई भित्र्या नव्हत्या. न कळणाऱ्या गोष्टीची आधी तपासणी करावी, असं त्यांना शिकवलेलं होतं. त्या तडक नाट्यगृहात गेल्या. भर दुपार होती, दालनात लख्ख उजेड. खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली, दिवा मालवून पाहिली, पत्र्यावर कुणाची सावली पडते का तेही पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांनी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते केलं. मापाचा माणूस कापला, बाईचाच, भाचीच्या उंचीचा. दाराजवळ उभा केला, स्क्रू आवळले, ठिपके दिले. आता बघणाऱ्याला बघायला काहीतरी खरं मिळेल, असा त्यांचा हिशोब होता.

संध्याकाळपासून फोन वाजू लागला. थट्टा कुणीच करत नव्हतं.

"ही दारात उभी असलेली कोण?"

"दोघी नका ठेवू. तिला आवडत नाहीये."

"हिला तरी बसवा."

"हिला बसवा हो. ती कधीची वाट बघतेय."

सकाळी उठल्यावर एकच नवा निरोप होता. पुरुषाचा आवाज, अगदी नम्र, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "उठली ती. आता हिला बसता येईल."

नाट्यगृहाचा दरवाजा रखवालदाराने त्यांच्यासमोरच उघडला. चारही ठिपके शाबूत होते. ताईंनी प्रत्येकावर नख फिरवून पाहिलं.

दाराजवळ कुणी नव्हतं. त्यांनी कापलेली बाई खुर्चीत बसली होती. कमरेत आणि गुडघ्यांत पुठ्ठा मुडपलेला, पाय स्टुलावर. मोड सरळ होते, स्वच्छ होते. पुठ्ठा असा मोडायचा तर आधी पट्टी धरून पात्याच्या पाठीने रेघ मारावी लागते. ताई स्वतः तसंच करत.

त्यानंतर निरोप जवळजवळ थांबले. जे आले ते समाधानाचे होते. छान झालं. आता बरं वाटतं. आता काही नको.

दिग्दर्शक तर हरखूनच गेला. सुताराने सेटवरची खऱ्या मापाची खुर्ची केलीसुद्धा होती. ताईंनी ती बदलायला सांगितली, तेव्हा दिग्दर्शकाने हात जोडले. लोकांनी मागितलेली खुर्ची काढली तर लोक मला काढतील, म्हणाला. कारण विचारलं. ताईंना कारण सांगता येईना. ठिपके, पुठ्ठा, मोड, हे सगळं त्यांनी मनात वाक्यात मांडून पाहिलं आणि आपणच ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं, तेही त्यांना कळलं.

भाचीला मात्र त्यांनी सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की त्या खुर्चीत बसू नकोस.

"मावशी, दीड तासाचं नाटक उभ्याने करू? लोक म्हणतील, बाईला मूळव्याध आहे."

ताई हसल्या नाहीत. भाचीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि जवळ येऊन बसली. "बरं, असं करू. रंगीत तालमीला तू पहिल्या रांगेत बस. माझ्यावरची नजर काढू नकोस. काही वाटलं तर हाक मार, मी तिथल्या तिथे थांबेन. मग तर झालं?"

ताईंनी मान डोलावली.

तालीम दुपारी होती. ताई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. समोर त्यांचीच खोली होती, पंचवीसपट मोठी. डावीकडची खिडकी, अर्धा पडदा, फडताळ. लाकडाचा आणि ओल्या रंगाचा वास येत होता. भाची खिडकीपाशी उभी राहून बोलत होती. तिने इतकं चांगलं काम आजवर केलं नव्हतं. ताई पापणी लववायलाही धजत नव्हत्या.

पहिल्या प्रवेशाच्या शेवटी अंधार होता. संहितेत तो होताच. अंधारात भाचीने खिडकीपासून खुर्चीपर्यंत जायचं, हेही ठरलेलंच होतं.

अंधार झाला.

ताईंना पावलं ऐकू आली. खिडकीकडून खुर्चीकडे.

मग पुन्हा पावलं. खुर्चीकडून इकडे.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि उजेड आला. भाची खुर्चीच्या बाजूला उभी होती. बसायचं ठरलं होतं, पण ती बसली नव्हती. खुर्ची रिकामी होती. तिने पुढचं वाक्य बिनचूक घेतलं आणि ताईंकडे पाहून किंचित मान हलवली, जणू म्हणत होती, बघ, ऐकलं ना तुझं.

ताईंनी कितीतरी वेळाने श्वास सोडला.

बाकीची तालीम तिने उभ्यानेच केली. दिग्दर्शकाला ते फारच आवडलं. तो म्हणाला, खुर्ची असून न बसणं, हे मला सुचायला हवं होतं. प्रयोगालाही असंच ठेवू. खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

दोघी चालतच घरी निघाल्या. अजून उजेड होता. दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे नुकतेच लागत होते. भाची हळूहळू चालत होती, ताईंच्या दंडाला धरून. पाय अवघडलाय, म्हणाली. ताईंनी तिला कितीदा तरी शाबासकी दिली. ती प्रत्येक वेळी हसली. रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीकडे ती मान वळवून बघत होती.

ताईंनी घंटी वाजवली. बहिणीने दार उघडलं, ताईंना पाहून हसली, मग शेजारी पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"या ना," ती भाचीला म्हणाली. "आत या. ताई, आधी सांगायचं नाहीस का पाहुण्या येणारेत ते? घरात नुसता पसारा पडलाय." आणि त्यांच्या मागे जिन्याकडे डोकावत तिने विचारलं, "बबडी कुठे राहिली?"

ताईंच्या दंडावरचा हात सुटला नाही.

"ती बसलीय तिथे," शेजारचा आवाज म्हणाला. भाचीचाच आवाज, अगदी समजुतीचा. "तिची नका काळजी करू. लोक येतील उद्यापासून बघायला."