हलक्या जगातला ठणकणारा अंगठा

चंद्रावरच्या वस्तीत प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतकंच भरायचं. अकरा वर्षांची शाल्मली पाण्याची भरलेली घागर सहज उचलायची. मग हातातली एवढीशी पाटी (लिहायचं-बोलायचं पडदायंत्र) धरून तिचा उजवा अंगठा का ठणकत होता?

विचार करायला तिला फुरसत नव्हती. उद्या सकाळी काचघरात वस्तीतल्या पहिल्या आंब्याचं कलम बांधायचं होतं. पृथ्वीवरून आलेली काडी (कलमासाठी कापलेली कोवळी फांदी) सुकत चालली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या आबांनी, तिच्या आजोबांनी, या कामासाठी तिलाच निवडलं होतं. ती खोलीत येरझाऱ्या घालायची, मध्येच पाटी उघडायची, पृथ्वीवर आरमोरी गावात राहणाऱ्या मैत्रिणीला एका अंगठ्याने भराभर लिहायची आणि पुन्हा फिरू लागायची.

दुपारी ती सरावाला बसली. चाकू फांदीवर टेकवला आणि मनगटातून अशी कळ गेली, की चाकू हातातून सुटला.

"केव्हापासून दुखतंय?" आबांनी विचारलं.

"थोडंच दुखतं."

आबा तिला घेऊन सरळ वनमाला आत्याकडे गेले. आत्या वस्तीची डॉक्टर होती.

"अंगठा मुठीत धर. आता मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकव," आत्या म्हणाली. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण आत्या, इथे तर सगळं हलकं आहे ना?"

"म्हणून तुझी मान वाचली. पृथ्वीवर पाटीत डोकं घालून बसणाऱ्यांच्या मानेला वाकलेल्या डोक्याचा भार पेलावा लागतो. तुझ्या अंगठ्याचं दुखणं भाराचं नाही, घासण्याचं आहे."

आत्याने कपाटातून एक पायजमा काढला. "ही नाडी म्हणजे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी). हा नेफा म्हणजे तिच्यावरचं आवरण. ओढून बघ."

शाल्मलीने डाव्या हाताने नाडी ओढली. ती सुळकन सरकली. मग आत्याने नेफा चिमटीत दाबून धरला. नाडी अडली.

"दिवसभर अंगठा एकाच तऱ्हेने हलवला, की ते आवरण जाड होतं, आवळतं. दोरी आतून सरकताना घासते. चंद्रावर राहा नाहीतर मंगळावर, घासणं चुकत नाही."

"मग उद्या?"

"उद्या नाही," आत्या म्हणाली आणि अंगठ्याला आधारपट्टी बांधू लागली. "काही आठवडे विश्रांती. पाटीला बोलून सांग, ती लिहून घेईल. दुखणं उतरलं की हलका व्यायाम."

शाल्मली रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी चाकू सुफियाच्या, तिच्या वर्गमैत्रिणीच्या, हातात होता. शाल्मली शेजारी उभी राहिली खरी, पण पाय एका जागी ठरत नव्हते. सुफियाने काडी खुंटरोपाच्या (ज्यावर कलम बांधतात त्या मुळासकट रोपाच्या) चिरेत बसवली आणि कलमाभोवती गुंडाळायची पट्टी उचलली.

शाल्मलीची नजर काडीच्या कडेवर गेली. गप्प राहावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"थांब," ती म्हणाली. "एका बाजूची साल जुळली नाहीये. जराशी डावीकडे घे."

सुफियाने काडी सरकवली. आबांनी वाकून पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

काडीवर तांबूस पालवी फुटली, तोवर शाल्मलीची आधारपट्टी सुटली होती. आबांनी दुसरी काडी तिच्यापुढे ठेवली. तिने पहिला काप घेतला, दुसरा घेतला आणि चाकू खाली ठेवला.

"दुखतंय का?" आबांनी काळजीने विचारलं.

"नाही आबा. दुखायच्या आधीच थांबले."

तिने बोटं मोकळी केली, मान वर करून काचेपलीकडच्या निळ्या पृथ्वीकडे पाहिलं. मग तिने चाकू पुन्हा उचलला.