पुढच्या बाकाखाली

ज्यांना झोप येतेय त्यांनी आत्ताच आत जाऊन पडा. अर्धी गोष्ट ऐकून गेलात तर उरलेली मनाने रचाल, आणि मनाने रचलेली जास्त छळते. ही मी रचलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस वीस वर्षं माझ्या हार्डवेअरच्या दुकानात येत होता. घाईघाईत चुकीच्या मापाचे नटबोल्ट न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलायला यायचं, हा त्याचा नेम. सगळे त्याला पान्या म्हणायचे. त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा वरच्या खिशातून पाना डोकावतोय.

पान्या मेकॅनिक. मोटरसायकली, पाण्याचे पंप, आणि तलावावर हौसेने मासे धरायला जाणाऱ्यांच्या छोट्या बोटी, असं सगळं दुरुस्त करायचा. हात फार चांगला. जीभ मात्र उतावळी. ‘झालं का रे?’ विचारलं की काम व्हायच्या आधीच ‘झालंय’ म्हणून मोकळा. आपल्यातही आहेत असे एकदोन, मी नावं घेत नाही.

तर चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री सव्वाआठला पान्या हत्यारांची पेटी आणि एक बॅटरी घेऊन मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांची बोट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलरवर पडून होती, आणि शुक्रवारी सकाळी नऊला गिऱ्हाईक ती बघायला येणार होतं. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आपल्या वहिनींनी, चार वेळा फोन केला तेव्हा हा उगवला. त्या बोटीचं तोंडही बघायचं नव्हतं त्याला. का, ते सांगतोच.

वहिनींनी दार उघडलं. मागे खुर्चीत मास्तरांची आई बसली होती. तिने पान्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं नाही.

“इंजिन चालू होतंय का बघ,” वहिनी म्हणाल्या. “आणि आतलं पाणी उपसायचा पंप चालत नाही. गिऱ्हाईक दोन्ही बघणार.”

“बघतो.” पान्याला दाराशी भरून ठेवलेल्या दोन बॅगा दिसल्या. “कुठे निघालात?”

“बोट गेली की मीही जाते, भावाकडे.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “वर्षभर एका घरात आहोत, आई माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? मीच बघायला हवं होतं बूच.”

पान्याने मान खाली घातली, किल्ली घेतली आणि मागे गेला.

आता हे बूच काय ते समजून घ्या. असल्या बोटीला मागच्या टोकाशी, अगदी तळाला, अंगठ्याएवढं भोक असतं. बोट पाण्याबाहेर काढली की त्याचं बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. परत पाण्यात घालायच्या आधी ते घट्ट बसवायचं. विसरलात तर लगेच कळत नाही. पाणी पायाखालच्या फळ्यांच्या खाली चढत राहतं, आणि दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. दर रविवारी नवराबायको दोघं गळ घेऊन निघायची. मागे इंजिनापाशी मास्तर, पुढच्या बाकावर वहिनी. पाच तासांत दोन मासे, त्यातला एक लहान म्हणून सोडून द्यायचा, आणि तरी परत यायची ती हसत. बूच बघायचं काम वहिनींचं.

वर्षापूर्वीच्या एका शनिवारी पान्याने त्या बोटीचं सर्व्हिसिंग केलं. बूच काढलं, पाणी सोडलं, बूच शर्टाच्या खिशात टाकलं. तेवढ्यात दुसऱ्या कामाचा फोन आला आणि हा निघाला. रात्री वहिनींनी फोन केला. “बूच लावलंय ना?” हा जेवत होता. म्हणाला, “हो हो, लावलंय.” रविवारी पहाटे वहिनी तापाने फणफणल्या होत्या. मास्तर एकटेच निघाले, आणि वहिनींनी अंथरुणातूनच त्यांना सांगितलं, बूच लावलेलं आहे. मास्तर दुपारी सापडले. पोहता येत होतं की. पण नोव्हेंबरचं पाणी, अंगात जाड जाकीट, पायात गमबूट. माणूस किती हात मारणार?

सोमवारी पान्याच्या बायकोने धुवायच्या शर्टातून बूच काढून ओट्यावर ठेवलं.

आणि वहिनींनी विचारलं, तेव्हा हा काय म्हणाला माहितीये? “मी लावलं होतं. संध्याकाळी तुम्ही बोट धुतलीत ना, तेव्हा निघालं असेल.” वहिनींनी बोट धुतली होती हे खरं. त्या बिचारीला वाटलं, असेल. तिला वाटलं म्हणून सगळ्यांना वाटलं. पान्याने बूच नाल्यात फेकलं आणि वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसला. मला अजून सांगताना राग येतो. पण ऐका.

शेडमध्ये एक ट्यूबलाइट होती. गार वारा येतो म्हणून पान्याने दार आतून ओढून घेतलं आणि आधी इंजिन घेतलं हातात. कार्बोरेटरमध्ये वर्षाचं पेट्रोल चिकट होऊन बसलेलं, ते थिनरने साफ केलं. नवा प्लग घातला. इंजिनाचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन बोललं. पान्याला बरं वाटलं. हात कामात असले की डोकं गप्प बसतं. इंजिन बंद करून त्याने पिंप बाजूला सरकवलं.

मग पंप. फ्यूज ठीक. बटण ठीक. बॅटरी तो घरून चार्ज करूनच घेऊन आला होता. म्हणजे दोष वायरीत. आता मास्तरांनी बॅटरीची जागा केली होती अगदी पुढे, बोटीच्या नाकात. मागे इंजिनाचं आणि त्यांचं स्वतःचं वजन, ते तोलायला. तिथपर्यंत पोचायचं तर वहिनींच्या बाकाखालून चौकोनी तोंडातून आत शिरायचं आणि पोटावर सरपटत पुढे जायचं. बाकाचं झाकण उघडंच होतं, बिजागरीवर मागे कललेलं. पान्या तसा काटकुळा. त्याने चपला काढल्या, फोन इंजिनावर ठेवला, डोक्याला टॉर्च बांधली आणि बॅटरी पुढे ढकलत आत शिरला. डोकं नाकाकडे, पाय मागे. खांदे दोन्ही बाजूंना घासत होते. वायरीचा जोड सडून हिरवा पडला होता. त्याने तो कापला, दोन्ही टोकं सोलली, आणि फोनवर गजर झाला. नऊ चाळीस. रोज त्या वेळी त्याला रक्तदाबाची गोळी घ्यायची असायची.

गजर वाजता वाजता थांबला. कोणीतरी बंद केल्यासारखा.

आणि झाकण मिटलं.

आपटलं नाही. हाताने धरून मिटावं तसं, सावकाश.

“वहिनी?” पान्या म्हणाला. “अहो, मी आत आहे.”

त्याने पाय दुमडून टाचांनी झाकण ढकललं. ते केसभर उचललं गेलं आणि परत बसलं. वर वजन होतं. दगड ठेवलाय म्हणावं, तर दगड हलत नाही. हे वजन जरा हललं... आणि सावरून बसलं.

पान्याने पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. मागे वळायला जागा नाही. हात डोक्याच्या पुढे, तेही कोपरातून वाकेनात. टॉर्चच्या उजेडात वीतभर पुढे फायबरची भिंत. त्याचाच श्वास तिच्यावर आपटून तोंडावर येत होता.

मग बोट हलली.

ट्रेलरवरची बोट. चाकांना विटा लावलेली. डावीकडे जराशी... उजवीकडे जराशी. आणि बाहेरून, कानाला लागून असलेल्या भिंतीवर, पाण्याचा थापटल्यासारखा आवाज. एकदा. परत एकदा.

पान्या मला म्हणाला, “काका, इथवर मी स्वतःला समजावत होतो. थिनरचा वास चढलाय म्हणून.” मग पंप सुरू झाला. घुर्रर्र. वायरीची दोन्ही टोकं पान्याच्या हातात होती. एक डाव्या, एक उजव्या. तारा उघड्या. बॅटरी नाकासमोर सुटी. आणि मागे पंप चालत होता.

त्याच्या पायाच्या बोटांना गार लागलं.

तो ओरडला. किती ओरडला त्याला आठवत नाही. भिंतीवर डोकं आपटलं, गुडघे सोलले, टाचांनी झाकणावर लाथा घातल्या. पाणी घोट्यांवर आलं. पोटऱ्यांवर आलं.

तेव्हा वर कोणीतरी बोललं. बाईचा आवाज. तापात असल्यासारखा नाही, चांगला, साधा, कामाचा.

“बूच लावलंय ना?”

आणि लगेच दुसरा आवाज. तोंडात घास असलेला. पान्याचा स्वतःचा.

“हो हो, लावलंय.”

पाणी गुडघ्यांवर आलं.

“बूच लावलंय ना?”

“हो हो, लावलंय.”

मांड्या.

पुन्हा प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. प्रत्येक उत्तराला पाणी वर. कंबर... पोट... छाती. त्याने मान वर उचलून धरली. डोक्याला छत लागलं. हनुवटी भिजली.

“बूच लावलंय ना?”

या वेळी कोणी उत्तर दिलं नाही.

पंप थांबला. हलणंही थांबलं. पाणी ओठांना टेकून उभं. वर बसलेलं कोणी वाट बघत होतं...

...

“नाही,” पान्या म्हणाला. तोंडात पाणी गेलं. थुंकून पुन्हा म्हणाला, “नाही लावलं. माझ्या खिशात होतं. वहिनींची चूक नाही.”

पाणी तिथेच. वजन तिथेच.

“सांगतो मी. त्यांना सांगतो.”

तसंच.

“आईंसमोर सांगतो... मास्तर. आत्ता जाऊन सांगतो.”

मग बाक करकरलं. माणूस उठताना करकरतं तेवढंच.

पान्या कसा बाहेर आला ते त्यालाच ठाऊक नाही. ट्यूबलाइट चालू होती. जमीन कोरडी. बोट ट्रेलरवर ठाम. त्याने पँट चाचपली, तीही कोरडी. फोनवर दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आत त्याला अख्खी रात्र गेल्यासारखी वाटली होती.

तो तसाच अनवाणी घरात गेला. दोघी जाग्या होत्या, दोन खोल्यांत दोघी. त्याने दोघींना पुढे बोलावलं आणि उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. बूच, खिसा, फोन, नाला, आणि आत्ता बोटीत कोंडला गेला तेही. एक शब्द गाळला नाही. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्षभर ज्या गोष्टीने त्यांना पोखरलं ती त्यांची नव्हतीच, हे एकदम कसं पेलावं माणसाने? रडल्याही नाहीत त्या.

मास्तरांची आई खुर्चीतून उठली. सुनेजवळ गेली. “मला माफ कर गं,” एवढंच म्हणाली, आणि तिचा हात धरून उभी राहिली.

मग वहिनींनी पान्याकडे पाहिलं. “मारावंसं वाटतंय तुला,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आत कोंडला गेलास कसा?”

“झाकण मिटलं. तुमच्या बाकाचं.”

“कुठलं झाकण?”

“बाकाचं, वहिनी. ज्याच्यावर तुम्ही बसता ते.”

“पान्या,” वहिनी म्हणाल्या, “बोट वर काढली तेव्हा झाकण नव्हतं तिला. बिजागरीसकट तलावात गेलं. माणसं घालून शोधलं, नाही मिळालं. वर्षभर तिथे नुसतं उघडं तोंड आहे.”

टॉर्च घेऊन तिघं मागे गेली. म्हातारीसुद्धा, सुनेचा हात न सोडता.

गिऱ्हाइकाला सकाळी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. बॅगा त्याच रात्री रिकाम्या झाल्या. पान्याचे डॉक्टर म्हणतात, कोंदट जागा, थिनर, आणि मनाला लागलेली टोचणी. असेल. डॉक्टर शिकलेले आहेत. पण शुक्रवारी दुपारी पान्याने मला नेऊन दाखवलं, म्हणून मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगतो. झाकण बिजागरीवर बसलेलं होतं. बिजागरी गंजून लाल. वरच्या बाजूला काळंहिरवं शेवाळ आणि बारीक बारीक शिंपले, वर्षभर तळाशी पडलेल्या वस्तूवर चढतात तसे, चारही कडांपर्यंत दाट. फक्त मधोमध, एका माणसाला बसता येईल एवढी जागा, कोणीतरी पुसून स्वच्छ केली होती.