न वाळणारा रुमाल

उन्हाळ्यातल्या सर्वांत तप्त आठवड्यात, वाचनालयाच्या सभागृहात दोरीवर टाकलेला एक ओला रुमाल दुपारभर वाळला नाही. बाहेर अंगणात त्या वेळी पारा त्रेचाळीस अंशांवर होता.

रुमालाकडे कोणी पाहत नव्हते, कारण सगळ्यांचे डोळे खिडकीवर होते.

"पट्टी पुन्हा निघालीय!" भोंगा म्हणाला. तो हळूच म्हणाला होता. पण भोंग्याचे 'हळूच' चौकापर्यंत पोहोचत असे.

"काल मीच लावली होती, दोन पदरी!" डिंक चिडला. कोणत्याही कामाला तो एकदा चिकटला की सुटत नसे, म्हणून तो डिंक. "आपोआप निघणं शक्यच नाही. कुणीतरी घात करतंय!"

"घात नंतर. आधी पुरावा," मोजपट्टी म्हणाली. ती डिंकाची थोरली बहीण आणि तिघांची पुढारी. 'थोडेसे' हा शब्द तिला सहन होत नसे. किती ते सांगावे लागे. "आज आपण पहारा ठेवायचा. पुस्तकांच्या कपाटामागे."

पट्टीचे प्रकरण असे होते. शहराबाहेरचा कचऱ्याचा डोंगर पेटून धुमसत होता आणि त्याचा धूर गल्लीगल्लीत उतरला होता. त्यातच उन्हाची लाट. शाळांना सुट्टी मिळाली आणि घरात एकट्या पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी वाचनालयाच्या सभागृहात दुपारचा निवारा उघडण्यात आला. नगर कार्यालयाच्या साहेबांनी तिथे पाण्यावर चालणारा, गार वारा फेकणारा एक भलामोठा कूलर पाठवला. तिघांनी आपणहून प्रत्येक खिडकीच्या फटीवर चिकटपट्टी लावली, दाराखाली सतरंजी कोंबली. धूर खरोखरच थांबला. ग्रंथपालबाईंनी पाठ थोपटली, साहेबांनी 'हवारक्षक' असे बिल्ले दिले. भोंगा तो बिल्ला झोपतानाही काढत नव्हता.

पहाऱ्याला फार वेळ लागला नाही. तिसरी खुर्ची किंचित सरकली. एक सुरकुतलेला हात खिडकीकडे गेला आणि नखाने पट्टीचे टोक उकलू लागला.

"पकडला!" भोंगा गरजला. सभागृहातली डुलकी घेणारी सगळी मंडळी दचकून जागी झाली.

तो हात मोजपट्टीच्या आजोबांचा होता.

"आजोबा! तुम्ही?" ती कपाटामागून बाहेर आली. तिचे कान तापले होते. आपल्याच घरातला माणूस! "रोज तुम्हीच काढता ही पट्टी?"

"अगं, जरा फट ठेवतो. गुदमरतंय."

"गुदमरतंय म्हणजे काय? तापमापकात बघा, बत्तीस! बाहेर त्रेचाळीस आहे. एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांनी धूर का खायचा?"

"नातीनं कान धरला हो!" मागून कोणीतरी म्हणाले आणि सभागृह हसले. हसण्याने मोजपट्टीला आणखी जोर चढला.

"आजपासून तुम्ही खिडकीपाशी बसायचं नाही. मधल्या खुर्चीवर बसा, अगदी कूलरसमोर. आणि मधेच उठायचं नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले, मग हसणाऱ्यांकडे. वर्तमानपत्रे अडकवायच्या दोरीवरून त्यांनी आपला ओला रुमाल उचलला, तोंड पुसले, तो पुन्हा दोरीवर टाकला आणि ते मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. शाळेतल्या मुलासारखे.

डिंकाने खिडकीला तीन पदरी पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा त्याच खुर्चीवरून खाली कोसळले.

कोणाला काही कळायच्या आत ग्रंथपालबाई धावल्या. "व्हरांड्यात सावलीला न्या! कॉलर सैल करा! अंगावर पाणी, वारा घाला! अरे, रुग्णवाहिकेला फोन करा कुणीतरी!" भोंग्याने फोन केला, पलीकडच्या बाईंना त्याला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. डिंक वर्तमानपत्राने वारा घालत राहिला. मोजपट्टी नुसती उभी होती. आजोबा तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत होते आणि त्यांचे अंग तव्यासारखे तापले होते.

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या डॉक्टरांनी विचारले, "किती वेळ उन्हात होते?"

"उन्हात नव्हतेच," बाई म्हणाल्या. "आत, गारव्यात बसले होते."

"अशक्य आहे. हा उष्माघात आहे."

मोजपट्टीचे बाबा धावत आले आणि रुग्णवाहिकेत बसले. मुलांना बरोबर नेता येत नव्हते. म्हातारी मंडळी घाबरून पांगली आणि रिकाम्या सभागृहात तिघेच उरले. कूलर चालूच होता.

"माझा पाण्यावर संशय आहे," भोंगा म्हणाला. "माठात कुणीतरी काहीतरी टाकलंय!"

"माठातलं पाणी तू सकाळपासून पाच पेले प्यायलास."

"मग मलाही बरं वाटत नाहीये!"

"गप रे!" डिंक म्हणाला. त्याने आजोबांचा रुमाल दोरीवरून काढला. "ताई, हा अजून ओला आहे. ते पडले तेव्हा मी तो पुन्हा भिजवला नव्हता. सकाळचाच आहे हा."

मोजपट्टीने रुमाल हातात घेतला. पिळला असता तर पाणी निघाले असते. ती व्हरांडा ओलांडून अंगणात गेली आणि रुमाल पसरून उभी राहिली. भोंग्याचे पाच-सहा प्रश्न विचारून होईपर्यंत रुमालाच्या कडा कडक झाल्या होत्या.

"दोन तापमापक आण," ती भावाला म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक झाला होता.

प्रयोग साधा होता. एका तापमापकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा. पाणी वाळताना उष्णता ओढून नेते. म्हणून ओल्या तापमापकाचा पारा खाली यायला हवा. अंगणाच्या सावलीत तो वीस अंशांनी खाली आला. सभागृहात कोरडा पारा बत्तीसवर होता. तिघे ओल्या पाऱ्याकडे डोळे लावून बसले. तो एकतीसवर थांबला आणि तिथून हलला नाही.

"म्हणजे?" भोंग्याने खरोखरच हळू विचारले.

"म्हणजे इथे पाणी वाळतच नाही. कूलर पाण्याची वाफ करतो आणि गार हवा फेकतो. ती दमट हवा बाहेर जायला वाट हवी. आपण वाट बंद केली. मग तीच हवा फिरत राहिली, दर फेरीला आणखी ओली. शिवाय वीस माणसांचा श्वास आणि घाम." तिने ओल्या चिंधीवर बोट ठेवले. "आपलं अंग म्हणजे ओला तापमापकच. घाम वाळला तर अंग निवतं. इथे कुणाचाच घाम वाळत नव्हता."

"आणि उद्या सगळे पुन्हा इथेच येऊन बसणार," डिंक म्हणाला.

भोंग्याने बिल्ला काढून खिशात टाकला.

साहेबांची भेट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ते हसले.

"बाळ, बत्तीस आणि त्रेचाळीस, यातला लहान आकडा कोणता?"

"पण साहेब, हवा दमट—"

"खिडक्या उघडल्या की धूर आत. मग खोकत माझ्याकडेच याल. तुमचे आजोबा वयामुळे पडले. वाईट झालं, पण त्याचं खापर कूलरवर कशाला?"

धुराबद्दल साहेबांचे म्हणणे बरोबर होते आणि तेच मोजपट्टीला बोचत होते. खिडकी बंद ठेवावी तर दमट उष्णता, उघडावी तर धूर. मान खाली घालून ती बाहेर पडली, तोच शेजारच्या अर्धवट उघड्या दारातून कोरडा गार झोत तिच्या पायांवर आला. आत कार्यालयाचे बैठक दालन होते. बंद खिडक्या, भिंतीवर वातानुकूलन यंत्रे, कोपऱ्यात हवा गाळणारे यंत्र. आणि माणूस एकही नाही.

"आज इथे बैठक आहे का हो?" तिने शिपाईकाकांना विचारले.

"पुढच्या आठवड्यात. यंत्रं बंद ठेवली तर दालनाला वास येतो म्हणून चालू ठेवतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

ग्रंथपालबाईंना पटवावे लागले नाही. "तुमच्या पट्ट्यांना मीच शाबासकी दिली होती," त्या एवढेच म्हणाल्या. दुपारी कार्यालयात निरोप गेला : हवारक्षकांना साहेबांचा आणि सर्व कर्मचाऱ्यांचा जाहीर सत्कार करायचा आहे. सत्काराला साहेब कधी नाही म्हणत नसत.

सभागृह कार्यालयातल्या मंडळींनी भरले. खिडक्या बंद, कूलर जोरात. बाई मात्र पट्टीवर हात ठेवून खिडकीपाशी उभ्या होत्या. कोणाला चक्कर येते आहे असे दिसले तर त्या ती क्षणात ओढणार होत्या. भोंग्याने साहेबांच्या गुणांचे वर्णन सुरू केले आणि तो थांबेचना. साहेबांनी कपाळ पुसले. कॉलर सैल केली. हिशेबनिसांनी फाइलने वारा घेतला. उपयोग झाला नाही.

"अरे, आवर!" साहेब अखेर ओरडले. "जीव गुदमरतोय! ती खिडकी उघडा कुणीतरी!"

"पण साहेब, तापमापकात बत्तीसच आहे," भोंगा नम्रपणे म्हणाला. "लहान आकडा!"

बाईंनी पट्टी ओढली. साहेब घाम पुसत तडक आपल्या कार्यालयात आले, बैठक दालनात शिरले आणि दारातच थिजले. त्यांच्या मऊ खुर्च्यांवर वीस म्हातारी माणसे वाचत, गप्पा मारत, पेंगत बसली होती. साहेबांच्या खास खुर्चीत एक आजीबाई लोकर विणत होत्या.

"हे काय? कोणाच्या परवानगीनं?"

"साहेब, तुम्ही आमच्या निवाऱ्यात गेलात," मोजपट्टी म्हणाली, "म्हणून आम्ही निवारेकऱ्यांना तुमच्या दालनात आणलं. खुर्च्या खराब होणार नाहीत. इथे कुणाला घामच येत नाही."

आजीबाईंनी वर पाहिले. "बसा हो साहेब, उभे का?"

साहेबांना हसू आले नाही. ते आपल्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहत राहिले आणि लाल झाले; तो लालपणा उष्णतेचा नव्हता. "निवारा उद्यापासून इथेच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही मुलांनी आमचे डोळे उघडलेत. शाबास!"

टाळ्या पडल्या. मोजपट्टीला त्या तोंडावर मारल्यासारख्या लागल्या.

संध्याकाळी रुग्णालयात तिला आजोबांजवळ जाऊ दिले. ते शुद्धीवर होते; धोका टळल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. तिने वाळलेला रुमाल घडी करून त्यांच्या उशाशी ठेवला.

"पट्ट्या आम्हीच लावल्या होत्या, आजोबा. तुम्ही सांगत होतात, आणि मी..." मग आजोबा पडल्यापासून मनात असलेला प्रश्न तिने विचारला. "तुम्हाला त्रास होत होता, तर बाहेर का नाही आलात? दार चार पावलांवर होतं."

आजोबांनी उशाशी ठेवलेला रुमाल हातात घेतला.

"उठणार होतो. पण तू उठू नको म्हणाली होतीस. पुन्हा सगळे हसले असते. आणि मला वाटलं, तू शिकतेस, मोजतेस. तुला ठाऊक असेल."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आता गार होता. तिला मान वर करता आली नाही.

कारण सापडले ते असे. खिडक्या बंद होत्या आणि कूलर आत होता. हवा इतकी दमट झाली की घाम वाळला नाही आणि शरीर निवले नाही. तापमापकाने ते दाखवले नाही, कारण त्याला घाम येत नाही. सभागृहात एक माणूस ते रोज सांगत होता. त्याला चारचौघांत गप्प बसवण्यात आले आणि दार चार पावलांवर असूनही तो लाजेने उठला नाही.