धरलेली जागा

आमच्या कलासंग्रहालयात व्याख्यानं आणि चित्रपट मोठ्या दालनातच होतात, कारण दुसरी जागा नाही. भिंतींवर जुनी तैलचित्रं आणि मधे खुर्च्या. माणसं जमली की हवा दमट होते आणि ती ओल गिलाव्यात शिरते. चित्रांची निगा राखणं हे माझं काम. म्हणून कार्यक्रम संपून लोक चहासाठी व्हरांड्यात गेले, की मी थर्मल कॅमेऱ्याने भिंती तपासते. ओली जागा थंड असते, ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळी दिसते. उबदार जागा पिवळी. यात गूढ काहीच नाही, पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं एवढंच.

कॅमेरा नवा आला तेव्हा मी तो आईला दाखवला होता. भिंतीवर तळहात टेकवला, उचलला आणि पडदा तिच्यासमोर धरला. भिंतीवर माझा पिवळा पंजा उमटला होता, कडांनी हळूहळू विरत चाललेला.

"अगं बाई," आई म्हणाली. "तू बाजूला झालीस तरी तुझा हात आहेच की इथे."

"जाईल आता."

"जाईना का. तोवर तर आहे."

बाबा गेल्यानंतर आई घराबाहेर पडेनाशी झाली होती. तिला बळेबळे कार्यक्रमांना आणायला मीच सुरुवात केली. आधी ती माझ्यावर उपकार केल्यासारखी यायची, मग कपाटातले ठेवणीतले कपडे बाहेर येऊ लागले. तिसऱ्या रांगेत खांबाला लागून तिची खुर्ची ठरलेली. बसली की पर्समधून रुमाल काढायची आणि शेजारच्या खुर्चीवर टाकायची. माझ्यासाठी धरलेली जागा.

"काम आवरलं की ये हं."

काम आवरायचं नाही. मी मागे दाराशी, आर्द्रता मोजायच्या यंत्राजवळ उभी असायचे. खुर्च्या लावणारे मामा मला चिडवायचे. "ताई, तुमच्यापेक्षा आईंच्या रुमालाने जास्त व्याख्यानं ऐकलीत. पुढच्या वेळी प्रश्न विचारेल तो."

जुन्या रंगद्रव्यांवरचं एक व्याख्यान झालं त्या संध्याकाळी माझा हात जरा खाली आला आणि पडद्यावर भिंतीऐवजी खुर्च्या दिसल्या. बसून गेलेल्या माणसांची ऊब गाद्यांवर पिवळ्या डागांसारखी राहिली होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या आणि रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या निळ्या. मला गंमत वाटली. तिसऱ्या रांगेत आईचा डाग होता. त्याच्या शेजारी अजून एक होता.

उशिरा आलेलं कुणी बसलं असेल, असं मी धरलं.

पुढच्या कार्यक्रमाला मी पूर्ण वेळ त्या खुर्चीवर नजर ठेवली. कुणी आलं नाही. मधे एकदा आईने रुमाल उचलून मांडीवर घेतला आणि गुडघे जरा वळवले, वाट दिल्यासारखे. दिवे लागले, लोक उठले. मी कॅमेरा धरला. शेजारची गादी पिवळी होती, आणि बाकीचे डाग विरले तरी तिथला विरला नाही.

असं काही दिसलं की आधी उपकरणावर संशय घ्यायचा, हे मी शिकले आहे. मी कॅमेरा तपासून घेतला. खांबाच्या आत गरम पाण्याचा नळ नव्हता. खिडकीचं ऊन तिथवर पोचत नव्हतं. मामांना सांगून मी ती खुर्ची शेवटच्या रांगेत नेऊन ठेवली आणि तिच्या जागी दुसरी आणली.

"ढेकूण आहेत का?" मामांनी विचारलं.

"नाही, सहज."

"सहज कोण खुर्च्या उचलायला लावतं?" ते पुटपुटले, पण त्यांनी उचलली.

नव्या खुर्चीचंही तेच झालं.

माझी झोप उडाली. दिवसा कामात हात थांबायचे. चित्राच्या चौकटीवरची धूळ काढताना मी वळून वळून खांबाकडे बघायचे. त्याच आठवड्यात प्रसाधनगृहातला आपोआप लागणारा दिवा मी आत असतानाच विझला. मी हात हलवले, पुढे-मागे झाले, तो लागेना. मामा दारात आले आणि लख्ख उजेड पडला.

"चांगला तर लागतोय," ते म्हणाले.

तो दिवा अंगाच्या उष्णतेवर लागतो. मी दुरुस्तीला सांगून ठेवलं.

त्या शनिवारी घरी परतताना आई माझ्या हाताला धरून चालत होती. खुशीत होती.

"हल्ली येऊन बसतेस, बरं वाटतं," ती म्हणाली. "निम्म्यात का होईना."

"मी कुठे बसले, आई? मी मागे होते."

"हो, मागे होतीस. मग आलीस." तिने खांद्यावरची पर्स सावरली. "आणि ते मोठ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचं सांगितलंस ते बरं केलंस. माझ्यापायी सोडलीस. तेव्हाच बोलली असतीस तर कान धरून पाठवली असती तुला."

मी चालत राहिले. ती नोकरी मी नाकारली हे खरं होतं. बाबा आजारी होते तेव्हाची गोष्ट. मी ती कुणालाही सांगितलेली नव्हती.

"अजून काय सांगितलं मी?"

"असं काय विचारतेस? तुला माहीत नाही?" आई हसली. "घरात तोंडातून शब्द काढत नाहीस. तिथे काळोखात बसलं की बोलतेस. तुझ्या बाबांसारखीच."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला तारीख विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवून नंतर आठवायला सांगितली. एकही चूक नाही. "यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," ते मला म्हणाले. "तुम्ही मात्र जरा झोपा."

आईला कार्यक्रमांपासून तोडायचं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण शनिवारची तयारी ती गुरुवारपासून करत होती. ती पुन्हा जेवू लागली होती, गुणगुणू लागली होती. आणि ते ज्याच्यामुळे होतं त्याला ती माझ्या नावाने हाक मारत होती. तिच्या शेजारी एकच जागा होती. मी ठरवलं, आता ती आपण घ्यायची. दिवे मालवायच्या आधी जाऊन बसायचं.

पुढच्या शनिवारी चित्रपट होता. मी यंत्र मामांच्या हवाली केलं, कॅमेरा पिशवीत टाकला. आईने रुमाल टाकलेला मी दारातून पाहिला. इतक्यात संचालकांनी हाक मारली. पाहुण्यांना कोपऱ्यातल्या चित्राबद्दल दोन शब्द हवे होते. मी दोन शब्द बोलले, त्यांनी तिसरा विचारला. मागे दिवे मालवले गेले.

मी अंधारात रांगा चाचपत तिसऱ्या रांगेशी पोचले. पडद्याच्या उजेडात आईचा चेहरा दिसत होता. रुमाल तिच्या मांडीवर होता. मी खुर्चीच्या पाठीला हात लावला.

आईने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसली.

"इथे माणूस आहे हो," ती हळूच म्हणाली.

"आई, मी आहे."

"माझी मुलगी बसलीय इथे. मागे रिकामी आहे बघा."

बघा, म्हणाली ती मला.

मागून कुणीतरी शुक् केलं. मी मागच्या रांगेत, त्या खुर्चीच्या बरोबर मागे बसले. समोर खुर्चीची पाठ होती. तिच्या वर काही नव्हतं, पडदा सरळ दिसत होता.

आई शेजारी कलली. काहीतरी पुटपुटली, थांबली, ऐकत राहिली. मग तोंडावर रुमाल धरून हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

चित्रपटात काय होतं ते मला माहीत नाही.

दिवे लागले. आई उठली, रुमालाची घडी केली, पर्स खांद्याला लावली. "चल, चहा घेऊ," ती शेजारी बघून म्हणाली. रस्त्यात माझा हात धरते तसा हात वाकवून ती माझ्या समोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दालन रिकामं झालं. मी कॅमेरा काढला.

आईची खुर्ची पिवळी होती. शेजारची तिच्याहून गडद पिवळी.

मी मागच्या रांगेकडे वळले. पूर्ण चित्रपटभर मी बसले होते ती खुर्ची निळी होती. राखून रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांइतकी निळी.

व्हरांड्यातून मामांचा आवाज आला. "घ्या ताई, तुमचा बिनसाखरेचा." आणि आईचं हसू.

मी भिंतीपाशी गेले. तळहात टेकवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला आणि उचलला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत होती, सगळीकडे सारखी.