हजेरीची रांग

लुनाच्या ब्रेकची वायर तुटली म्हणून मालिनी सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडपाशी थांबली, नाहीतर दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायची. तो, दिनेश, पाच पोरांना लेथचं काम शिकवायचा. पाचही रिमांड होममधून सुटून आलेली.

"वायर बसवतो मॅडम. बदल्यात पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवा."

"आणि तुम्हाला?"

"मी... मी लय मठ्ठ हाय. मला जास्त दिवस लागतील."

मालिनी दर शनिवारी जाऊ लागली. वंगणाचा डाग लागू नये म्हणून तो तिचा चहाचा कप दोन बोटांनी धरून द्यायचा, आणि ती तो मुद्दाम सावकाश घ्यायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही. सोळाव्या वर्षी मोटारसायकली चोरल्याचं, दोन वर्षं आत काढल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं. पण "बाबांना भेटायला कधी येतोस?" म्हटलं की मान खाली.

"नको मालिनी. माझ्यासोबत तू दिसू नये."

गणपती आले. सकाळी दहाला मालिनी पोलीस चौकीवरून जात होती, तर भर रस्त्यावर रांग! पाचही पोरं, आणि सर्वांत पुढे दिनेश. सणाला वहीतल्या जुन्या गुन्हेगारांची रोज हजेरी घ्यायची, ही त्या चौकीची रीत. चोरी कुणीही करो, उन्हात उभी राहायची ती हीच पोरं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बारा वर्षं झाली! अजून तुझं नाव आहे ह्यांच्या वहीत?"

"नाय. माझं कधीच कटलंय."

"मग उभा का?"

"मी ह्यांच्याएवढा होतो तेव्हा एकटा उभा राह्यलो. सगळा रस्ता बघायचा. तिसऱ्या दिवशी पळालो... तो परत चोऱ्यांतच गेलो. हा मयूर काल पळायच्या बेतात होता. तू जा, कुणीतरी बघंल."

आता मालिनी त्याच्यावरच भडकली.

"पोरांची लाज तू वाहणार, माझीही तूच वाहणार? मला कुणी विचारलंय?"

तिनं लुना स्टँडला लावली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. पलीकडे शेजारच्या वत्सलाबाई दुर्वांची जुडी घेऊन थबकल्या होत्या.

"काकू, बाबांना सांगा, मी इथे आहे!"

हवालदारानं वहीतून डोकं वर काढलं. "बाई, तुम्ही कोण? ह्यांतल्या कुणाच्या?"

मालिनीनं दिनेशकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. हा आत्ता बोलला नाही, तर कधीच बोलणार नव्हता.

मयूरनं मागून हळूच कोपर मारलं.

"सर... पळू नका ना."

दिनेशनं मान वर केली. कान लाललाल झाले होते.

"माझी हाय, साहेब. होणारी बायको."

"मग काय, रोज येणार?"

"रोज," मालिनी म्हणाली. "ह्या पोरांची नावं कटेपर्यंत."